भिंगरी काय खाते

लातूर
७ जुलै २०२४

प्रिय शालूआत्या,
दंडवत प्रणाम.

मी नीट पोचले. पप्पा मला हॉस्टेलवर सोडून संध्याकाळच्याच गाडीनं बुलढाण्याला परत गेले. खोलीत आम्ही चौघी. फोन पहिल्याच दिवशी जमा करून घेतले. रविवारी वॉर्डनबाईंच्या फोनवरून बोलता येतं, तेही फक्त आईवडिलांशी. पत्रावर मात्र बंदी नाही, कारण पत्र कुणी लिहीतच नाही. म्हणून तुला लिहिते आहे.

आता मुद्द्याचं. निघायच्या आदल्या दिवशी अमडापूरला तुझ्या शिलाई मशीनच्या खालच्या खणात, अस्तराच्या कापडाखाली मी माझा टॅब ठेवला. पप्पांना वाटतं मी तो विकला. आत्या, त्यात माझा तो खेळ आहे. त्यात माझी भिंगरी आहे. तू एकदा बघितली होतीस, माझ्या खांद्यावर बसलेली, मोठ्या डोक्याची. ती पाखरू नाही आणि डायनासोरही नाही. उडणारा सरडाच म्हण. डायमॉर्फोडॉन. एकोणीस कोटी वर्षांपूर्वी असे प्राणी खरोखर होते. डोकं अंगाच्या मानानं केवढंतरी, पण आतून पोकळ, म्हणून हलकं. जबड्यात दोन तऱ्हेचे दात. भिंगरीचे पंख निळे आहेत आणि डाव्या पंखाला एक खाच आहे, कारण एकदा ती माझ्यासाठी एका मोठ्या जनावराशी भांडली होती.

अडचण अशी की आपण खेळ बंद केला तरी ते जग चालूच राहतं. भिंगरीला भूक लागते. दोन-तीन दिवसांनी एकदा टोपलीत मटण किंवा मासे टाकायचे, बाकी काही नाही. अडलं तर आमच्या टोळीतली धम्मशीलाताई आहे, तिला विचार. ती देऊळगाव राजाला दवाखान्यात सिस्टर आहे, ड्यूटी संपली की खेळते. तिचा नंबर टॅबच्या मागं चिकटवला आहे.

मेडिकलची परीक्षा मे महिन्यात. तोवरच सांभाळ. इथं सगळं छान आहे.

तुझी
काजल

०

अमडापूर
१९ जुलै २०२४

चि. काजल,
अनेक आशीर्वाद. दंडवत प्रणाम.

तुह्यं पत्र पोस्टमननं दुकानातच आणून देलं. त्याले वाटलं कोर्टाचं हाय, म्हणून मी वाचेपर्यंत उभाच राह्यला. मी म्हटलं, "माह्या भाचीचं हाय, जा बाप्पा."

बाई, तू मले लावलं ते काम कटोरी ब्लाऊजपेक्षा अवघड हाय. पहिल्या दिवशी एका जनावरानं मले खाल्लं. मंग मी पुन्हा जित्ती झाली, तं पुन्हा त्यानंच खाल्लं. तवापासून मी त्याच्या वाटेलेच जात नाही. मंग तुह्यं घर सापडलं अन् तुही भिंगरी सापडली. मले पाहून तिनं एवढी मोठी चोच वासली. मी भेलीच. पण मंग येऊन खांद्यावर बसली. कशी जड-जड वाटली, खरं सांगतो. असं कसं वाटते, मोबाईलमधलं?

पण लेकी, मी पंथाचा उपदेश घेतलेली बाई. आपल्या घरात अंडं येत नाही, अन् तू लिहितं, "मटण घाल." खोट्या जनावराचं खोटं मटण, हे मले समजते. पण जनावर माराले काठी उचलली का मले ते जमतच नाही. म्हणून मी झुडपाची लाल बोरं तोडून टोपली भरून ठेवली. भूक लागली म्हणजे भिंगरी खाईन. भुकेले कोंडा, निजेले धोंडा.

तिची काळजी करू नको. तू जेवतं का नाही ते लिही. मेसमधी पोळ्या कशा करतेत?

तुही आत्या

०

लातूर
४ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,
दंडवत प्रणाम.

तुझं पत्र आठवड्यापूर्वी आलं, पण टेस्ट होती म्हणून उत्तर राहिलं. आत्या, बोरं नको! ती बोरं खात नाही. उपाशी राहील पण खाणार नाही, तिचे दात त्यासाठी नाहीतच. ताबडतोब मासे घाल. नदीत उथळ पाण्यात सापडतात. मारायचे नसतील तर धम्मशीलाताईला माग, ती देईल. भिंगरी आहे ना? तुझं पत्र वाचल्यापासून मला तेच दिसतंय, टोपली भरलेली आणि ती शेजारी बसलेली.

इथं दर पंधरा दिवसांनी टेस्ट असते. निकाल जिन्याजवळ लावतात आणि त्यावरून बॅच बदलतात. मी पहिल्या बॅचमध्ये आहे. पोळ्या बऱ्या असतात. खोलीतल्या मुली माझ्या तोंडून "मले" आलं की हसतात, म्हणून मी आता विचार करून बोलते. मग बोलणंच कमी होतं. ते अभ्यासाला चांगलंच.

लवकर लिही.

काजल

०

अमडापूर
१७ ऑगस्ट २०२४

चि. काजल,
अनेक आशीर्वाद. दंडवत प्रणाम.

भिंगरी मजेत हाय. मासे घातले. धम्मशीलानं शिकवलं. फोनवर लय गोड बोलते पोरगी. म्हणे, "बाई, तुम्ही डोये मिटून घ्या अन् बटण दाबा." तसंच केलं. रात्री देवापुढं हात जोडले अन् म्हटलं, देवा, हे पाप असन तं माह्या खात्यावर लिही, पोरीच्या नको.

आता ती जराशी बावरल्यावानी करते. पहिल्यासारखी लगेच खांद्यावर येत नाही. येईन हळूहळू. खाते मात्र चांगली.

पहिल्या बॅचमधी हायेस हे ऐकून बरं वाटलं. गजू, म्हणजे तुहा बाप, साऱ्या बुलढाण्याले सांगत फिरते. त्याच्या खत-बियाण्याच्या दुकानात कोणी युरिया घ्याले आला तरी त्याले पहिले तुह्या बॅचचं सांगते, मंग युरिया देते.

अन् कोणी हसलं तं हसू दे. आपण आपल्या तोंडानं बोलाव. दुसऱ्याच्या तोंडानं कितीक दिवस बोलशीन?

तुही आत्या

०

लातूर
२२ सप्टेंबर २०२४

आत्या,
दंडवत प्रणाम.

बरेच दिवस लिहिलं नाही. वेळ नसतो. भिंगरीचा एक फोटो पाठवशील का? स्क्रीनचा फोटो काढून चिखलीला प्रिंट करून मिळेल. उशीखाली ठेवीन.

एक विचारू? समजा भिंगरीला सांभाळायला कुणीच नसतं, तर? तिला रानात सोडून दिलं असतं तर सगळ्यांचंच ओझं उतरलं असतं ना? तुला तुझा नियम मोडावा लागला नसता. मला कधी कधी वाटतं, आपल्यामुळं दुसऱ्यांना एवढं करावं लागतं, त्यापेक्षा नसलेलं बरं.

मी बरी आहे. थोडं वजन कमी झालंय, ड्रेस सैल होतात. तू असतीस तर शिवून दिले असतेस.

काजल

०

अमडापूर
७ ऑक्टोबर २०२४

चि. काजल,
अनेक आशीर्वाद. दंडवत प्रणाम.

नवरात्राचे ब्लाऊज एवढे आले का मान वर कराले सवड नाही, म्हणून उशीर झाला. फोटो या पाकिटात हाय. फोटोवाला इचारे, "काकू, हे घुबड कुठचं?" मी म्हटलं, "माह्या भाचीचं."

तिले सोडाचं नाव काढू नको. मले तिचा काही तरास नाही. माह्या घरात हे गेल्यापासून संध्याकायी कोणाची तरी वाट पाहाले पाह्यजे अशी आता ती एकच हाय. तुले तुह्या अभ्यासात तिची आठवण जड होत असन तं तसं सांग, पण ओझं-बिझं म्हणू नको.

एक गोष्ट झाली. दसऱ्याची फुलं सांगून ठेवाले म्हणून गजू गेल्या शुक्रवारी इकडं आला अन् नेमकी मी टॅब घेऊन बसलेली. मले लपवाले वेळच नाही भेटला.

"ताई, हा काजलचा टॅब हाय."

"हाव."

"ते तं म्हणे, विकला."

"तिले विकाचा नव्हता."

मले वाटलं आता चिडते. तो चपला न काढताच ओट्यावर बसला. टॅब मांडीवर घेतला. मंग म्हणे, "हे काय खाते?"

मी म्हटलं, "मासे."

"मासे? अन् तू देतं?"

"देतो म्हणजे काय करू? पोरीनं सांगितलं."

मंग म्हणे, रविवारी मी तिले इचारतो मार्क किती, ते सांगते. मंग काय बोलाव ते समजत नाही, म्हणून फोन तिच्या आईले देतो. असं म्हणून फुलायचं न सांगताच गेला.

कपडे लय सैल झाले का? माप पाठव.

तुही आत्या

०

लातूर
१६ ऑक्टोबर २०२४

आत्या,

फोटो भेटला. लय छान हाय. पण आत्या, ही भिंगरी नाही.

हिचे पंख निळेच हायेत, पण डाव्या पंखाले खाच नाही. मी सारखी पाहत राह्यली, म्हटलं प्रिंटमधी दिसत नसन. पण डोयेसुद्धा तिचे नाहीत. भिंगरी मेली ना? बोरांच्या वेळीच मेली असन. अन् तू दुसरी पकडून आणली अन् मले लिहिलं, जराशी बावरल्यावानी करते.

मी चिडली नाही. पहिले रडली, मंग मले हसू आलं. तू, एवढा मोठा नेम पायणारी बाई, मासे मारून-मारून एक रानटी जनावर आपलंसं करून राह्यली, काऊन तं मले वाईट वाटू नाही म्हणून.

मंग मले वाटलं, मीबी तेच करून राह्यली. आत्या, मी पहिल्या बॅचमधी नाही. ऑगस्टपासूनच नाही. आता मी शेवटल्या बॅचमधी हाय. आमचा वर्ग खाली हाय, जिथं पंखा चालत नाही. रविवारी पप्पा इचारतेत अन् मी पहिल्या नंबरच्या पोरीचे मार्क सांगतो. जेवण तोंडात फिरते, खाली उतरत नाही. परवा वर्गात चक्कर येऊन पडली. वॉर्डनबाई म्हणे, घरी कळवू? मी म्हटलं, नका. सकायी उठलं का वाटते, कशाले उठली?

इंग्रजीत, शुद्ध मराठीत, मले हे सांगता येत नव्हतं. आज असं लिहाले बसली तं आपोआप आलं.

आत्या, मले इथून घेऊन जा. पप्पाले काय सांगाचं ते तूच सांग. मले माहीत नाही.

काजल

०

अमडापूर
२४ नोव्हेंबर २०२४

ती. पप्पा,
दंडवत प्रणाम.

फोन माझ्याजवळच आहे, आणि बुलढाणा इथून तासा-दीड तासावर. तरी पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही विचारता "जेवली का?" आणि मी म्हणते "हो," आणि दोघंही मग थांबतो.

आता खरंच जेवते. चिखलीच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेते. जेवते ते आत्या माझ्या ताटाकडं बघत बसते म्हणून नाही, भूक लागते म्हणून. कालपासून तिच्या दुकानात हूक लावायला बसले.

तुम्हाला काही गोष्टी माहीत नसतील. मी आत्याला सगळं खरं लिहिलं होतं, पण ते पत्र टपालातच होतं. तुम्ही दोघं लातूरला हॉस्टेलच्या दारात उभे राहिलात, तेव्हा ते इथं अमडापूरला बंद दाराच्या फटीतून आत पडलं असेल. आम्ही परत आलो तेव्हा ते आम्हालाच पायाखाली सापडलं. मग मी आत्याला विचारलं, माझं पत्र मिळालं नाही, तर तू आलीस कशी?

ती म्हणाली, धम्मशीलामुळं. आत्यानं तिला फोनवर सहज सांगितलं, काजल म्हणते भिंगरीला सोडून द्या, नसलेलं बरं. धम्मशीलाताई तेव्हा दवाखान्यातून घरी येत होती. ती रस्त्यातच थांबली आणि म्हणाली, "बाई, ती पाखराचं नाही सांगून राह्यली. स्वतःचं सांगून राह्यली. उद्याच जा." आत्यानं तुम्हाला फोन केला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

भिंगरीचंही सांगते, कारण त्या दिवशी गाडीत तुम्ही विचारलं होतं, "ते जनावर बरं हाय ना?" आणि आत्या खिडकीबाहेर बघत राहिली होती. भिंगरी जुलैतच गेली. बोरांची टोपली भरलेली होती. आत्यानं टॅब उघडला तेव्हा ती जमिनीवर पडलेली होती आणि थोड्या वेळानं दिसेनाशी झाली. त्या खेळात मेलेलं असंच नाहीसं होतं. आत्या म्हणते, पुरायलाही काही राहिलं नाही. ती दिवसभर मशीनवर बसली नाही. मग धम्मशीलाताईला घेऊन खेळातल्या डोंगरावर गेली. तिथं ते प्राणी थव्यानं असतात आणि आपल्यावर तुटून पडतात. निळ्या पंखांची एक मिळेपर्यंत ती कितीदा मेली ते तिलाही आठवत नाही. मिळाली तेव्हा तिला मासे चारत बसली. मला आता ते आठवलं की वाटतं, हिनं माझ्यासाठी हे केलं तेव्हा मी हिला पहिल्या बॅचच्या बाता मारत होते.

नवी भित्री आहे. आत्या तिला नाव ठेवायला तयार नाही. म्हणते, "येवढे दिवस खोट्या नावानं हाका मारल्या, आता थोडा दम धराले पाह्यजे." नुसतं "अवं" म्हणते. तीही येते.

पप्पा, आता जे लिहायला बसले ते लिहिते. त्या दिवशी हॉस्टेलच्या ऑफिसात तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. वॉर्डनबाई माझ्या टेस्टचे आकडे वाचून दाखवत होत्या आणि तुम्ही उठून वर माझ्या खोलीत गेलात आणि माझी गादी गुंडाळायला लागलात. दोरी तीनदा सुटली. गाडीतही जालन्यापर्यंत तुम्ही बोलला नाहीत. मला वाटलं, माझ्याकडं बघायचीसुद्धा तुमची इच्छा राहिली नाही. आत्या म्हणते, तसं नाही. पण ते मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

आणि दुसरं. मी मेडिकलची परीक्षा देणार नाही. यंदाही नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. बरं वाटेल तेव्हा शिकेन, काय ते अजून ठरलं नाही. तुम्ही समोर असता तर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. तुम्ही रागावलात तरी चालेल, पण मी हे बदलणार नाही.

आईला सांगा, केस गळायचे थांबले.

तुमची
काजल

०

बुलढाणा
२९ नोव्हेंबर २०२४

चि. काजल,
अनेक आशीर्वाद. दंडवत प्रणाम.

पत्र मिळालं. मी आयुष्यात पत्रं लिहिली ती खताच्या कंपनीला. तेव्हा चूकभूल पदरात घे.

तुझं पत्र दुकानात वाचलं, घरी येऊन तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती रडली. मग म्हणाली, पोरीनं स्पष्ट लिहिलं हे बरं झालं, आपल्या दोघांत स्पष्ट कोणीच नव्हतं.

गादीचं सांगतो. त्या बाई आकडे वाचत होत्या आणि मी तुझ्या मनगटाकडं पाहत होतो. घड्याळ तू कोपरापर्यंत वर सरकवलं होतं, तरी ढिलं होतं. ते घड्याळ मीच घेऊन दिलं, तेव्हा पट्ट्याच्या शेवटच्या भोकात घट्ट बसत होतं. मला वाटलं, आणखी एक मिनिट इथं बसलो तर मी त्या बाईंसमोर रडीन. म्हणून वर गेलो. दोरी सुटत होती कारण मला दिसत नव्हतं. गाडीत बोललो नाही कारण तोंड उघडलं असतं तर आवाज निघाला नसता. ड्रायव्हर परका होता. राग नव्हता बाई. राग आला असेल तर तो त्या पंखा न चालणाऱ्या वर्गाचा, आणि माझा.

परीक्षेचं वाचलं. खोटं कशाला बोलू, रात्री झोप लागली नाही. तू चौथीत होतीस तेव्हापासून मी लोकांना सांगत आलो. एवढ्या वर्षांची सवय एका पत्रात जात नाही.

आज सकाळी दुकान उघडलं आणि आपले अर्जुनराव हरभऱ्याचं औषध घ्यायला आले. ते नेहमी विचारतात तसं त्यांनी विचारलं, "मंग गजेंद्रभाऊ, पोरगी काय म्हणते?"

मी म्हटलं, "घरी आली. बिमार होती, आता बरी होऊन राह्यली."

"अरे बापा. मंग ते डॉक्टरकीचं?"

दुकानात आणखी दोघं-तिघं उभे होते. मी औषधाची बाटली कागदात गुंडाळत होतो. म्हटलं, "नाही. ते नाही करत ती."

पुढं काही सांगावं असं मला वाटलं नाही. मी बाटली त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "ढगाळ असलं तं फवारू नका."

पत्राच्या आधी बहुतेक मीच पोचेन, परवा रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. तुझी आई पण येते आहे.

तुझे
पप्पा